बिवळपाड्याचा वाघदेव आणि आमचा लक्ष्मण

अब्दुलमियाँ हॉर्न न वाजवता पेठ नाक्यावरून गाडी आत आणील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्या सर्व्हिस मोटरीचा हॉर्न म्हणजे साधी चीज नव्हे. तो एकदा देवळाली कॅम्पापाशी वाजला तेव्हा तोफखान्याची खेचरं जी सुटली ती थेट सायखेड्याला, आणि गोदावरी आडवी आली म्हणून तिथं थांबली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते खरं वाटतं आणि उरलेले चहाचे पैसे देतात. त्या दिवशी, पौषातल्या दुपारी, गाडी मुकाट्याने आली. अब्दुलमियाँ खाली उतरला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "शेठ, मास्तर गये. रामशेजच्या पायथ्याशी." मागच्या बाकावर लक्ष्मण आडवा होता, अंगावर घोंगडी. त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याची आई बसली होती, बुधीआई. आयुष्यात पहिल्यांदाच ती मोटरीत बसली होती आणि पहिल्यांदाच आपल्या संस्थानाच्या बाहेर आली होती. मी तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पुढं जाऊन रेडिएटरमध्ये पाणी आहे का, ते पाहिलं.

त्याला आता महिना होऊन गेला. पुरवणीचे संपादक म्हणाले, तुम्ही त्याचे जवळचे, चार ओळी लिहा. चार ओळींत मी साधा पत्ता सांगत नाही, तिथं माणूस काय सांगणार...

लक्ष्मण भोये नाशकात प्राथमिक शाळेत मास्तर होता. माझी त्याची ओळख बोर्डिंगातली. तो डोंगरातून आलेला, कोकणी जमातीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं काडी. मी तेव्हाही असाच, दोन ताटं जेवणारा. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं की माझ्या आजोबांनी रामकुंडात मगर मारली होती. त्यानं शांतपणे विचारलं, "मगर कुठल्या बाजूनं आली होती, वरून की खालून?" मी म्हटलं, वरून. तो म्हणाला, "मग त्र्यंबकच्या लोकांनी आधी का नाही मारली?" तेव्हापासून मी गोष्ट सांगायची आणि त्यानं तिला भोक पाडायचं, असं आमचं चाललं ते अखेरपर्यंत. बाकी जग मला बापूशेठ म्हणतं. तो बाप्या म्हणायचा.

त्याचं गाव बिवळपाडा. पेठेच्या पलीकडं डोंगरात जी चिमुकली संस्थानं आहेत, त्यांतल्या एकात. नाव लिहीत नाही. राजेसाहेबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला एक कारकून ठेवला आहे म्हणतात. संस्थान एवढं लहान की राजेसाहेबांनी संक्रांतीला पतंग उडवला तर काटाकाटी इंग्रजी मुलखात व्हायची. दसऱ्याला तोफ उडवायची तर आधी नाशकाच्या साहेबाची परवानगी काढावी लागे, कारण गोळा हद्दीबाहेर पडायचा. हे मी मोटर स्टँडवर रंगवून सांगत असलो की लक्ष्मण कोपऱ्यातून म्हणायचा, "बाप्या, तोफ नाही, उखळी आहे. तिच्यात गोळा नसतो, नुसता बार." मी म्हणायचो, "बार तरी हद्दीत राहतो का?" यावर मात्र तो विचारात पडायचा.

पण हसू तेवढंच. त्याच राजवाड्यातून शिपाई सुटायचा आणि पाड्यातली माणसं वेठीला धरून न्यायचा. शिकारीत रान उठवायला, लाकूड वाहायला, सरकारी शेतात भात लावायला. मजुरी नाही, भाकरी ज्याची त्यानं आणायची. पाऊस ऐन रंगात असताना स्वतःची भाताची रोपं वाफ्यात पिवळी पडायची आणि माणूस राजेसाहेबांच्या चिखलात वाकलेला असायचा. लक्ष्मणाचा बाप अशाच एका शिकारीत रान उठवायला गेला तो परत आला नाही, डुकरानं फाडला. एका दिवाळीच्या सुटीत लक्ष्मण घरी गेला आणि पाड्याला म्हणाला, या खेपेला जाऊ नका. आश्चर्य असं की कुणी गेलं नाही. राजेसाहेबांचे पाहुणे बंदुका पुसत बसून राहिले. आठवड्याच्या आत हुकूम निघाला: लक्ष्मण भोये याने संस्थानच्या हद्दीत पाऊल टाकू नये, टाकल्यास कैद.

आता तिथली जागा कशी आहे ते सांगतो, कारण पुढचं सगळं जागेवर आहे. नाशकाकडून आमची मोटर जाते ती हद्दीच्या दगडापर्यंत. तिथं एक उंबर आहे, त्याच्याखाली गाडी वळते. दगड साहेबाच्या मोजणीत पुरलेला. त्याच्या पलीकडं संस्थान सुरू. दगड ओलांडून चढ चढलं की बिवळपाडा, आणि पाड्याच्या पलीकडं, राजवाड्याच्या वाटेवरच्या टेकाडावर, वाघदेव. म्हणजे लाकडाचा एक रुंद खांब, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. त्या डोंगरात गावाची शीव वाघदेव सांभाळतो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी घरोघरचा तांदूळ गोळा करतात, देवापुढं शिजवतात आणि तिथंच पंगत बसते. त्या दिवशी सकाळी, शेंदूर लावायच्या आधी, खांब कुजला असेल तर उचलून नवा बसवता येतो. एकदा शेंदूर लागला की देव बसला. मग पुढच्या वाघबारशीपर्यंत त्याला कुणी हलवायचं नाही.

हुकूम निघाल्यापासून लक्ष्मण दर रविवारी आमच्या मोटरीनं दगडापर्यंत जायचा. बुधीआई चढ उतरून यायची. ती दगडाच्या पलीकडं बसायची, तो अलीकडं. फडक्यातली नागलीची भाकरी इकडं यायची, गूळ-चहाची पुडी तिकडं जायची. अब्दुलमियाँ तेवढ्यात उंबराखाली एक डुलकी काढायचा. मी एकदा बरोबर गेलो आणि राहवेना म्हणून म्हटलं, "आई, एक पाय इकडं टाका की! तुम्हाला कुठं हुकूम आहे?" ती म्हणाली, "मी आले इकडं तर घर कुनाचं? शिपाई म्हनंल, मोकळंच आहा." लक्ष्मण हसला. म्हणाला, "बघ. माझ्यापेक्षा जास्त कायदा कळतो तिला."

ते दिवसही असले, की जो उठेल तो वेगळा व्हायला निघालेला. सिंध आपल्या इलाख्यातून फुटून निघाला, ब्रह्मदेश तर हिंदुस्थानातूनच गेला, आणि उद्या संघराज्य झालं तर कोणती संस्थानं आत येणार नि कोणती बाहेर राहणार, यावर आमच्या मोटर स्टँडवर रोज गोलमेज भरायची. एक खानदेशी कापूसवाला खानदेश वेगळा मागायचा. कुणी म्हणे मराठी मुलूख मुंबईपासून तोडा. मी पंचवटी नाशकातून फोडली होती. पूल आमच्या ताब्यात, आणि काळारामाला कर माफ. लक्ष्मण हे सगळं ऐकून घ्यायचा. एक दिवस म्हणाला, "सिंध निघाला तेव्हा कुणी विचारलं नाही की एवढं कशाला. माझा पाडा पंचवीस झोपड्यांचा आहे. त्याला संस्थानातून निघून नाशिक जिल्ह्यात यायचं आहे. ह्यावर मात्र तुम्ही सगळे हसणार."

आम्ही हसलोच. मी म्हटलं, "लक्षा, तिकिटं छापून घेऊ. टपालाची तिकिटं इथं नाशकातच छापतात. बिवळपाड्याचं तिकीट, एक आणा, वर वाघ."

"वाघच आहे त्यात," तो म्हणाला. आणि त्यानं आम्हाला अर्ज समजावून सांगितला.

अर्ज नाशकाच्या साहेबाकडं होता. म्हणणं असं, की साहेबाचा दगड कालचा. त्या मुलखातली शीव पिढ्यान्‌पिढ्या वाघदेवानं ठरलेली. राजवाड्याकडची माणसंही देवापाशी पायताण काढतात आणि पुढं पाड्यात शिरताना विचारून शिरतात. देव पाड्याच्या पलीकडं, राजवाड्याच्या बाजूला उभा आहे. म्हणजे पाडा संस्थानाच्या बाहेर आहे आणि दगड चुकीच्या जागी आहे. देव तिथं शीव. पाडा जिल्ह्यात आला की वेठ संपली, आणि लक्ष्मणाला घरी जायला कुणाचा हुकूम आड येत नाही. हे एक वाक्य, देव तिथं शीव, त्यानं पाड्यातल्या पोरासोरांकडून पाठ करून घेतलं होतं. साहेबाचा माणूस चौकशीला गेला तेव्हा म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. इतकंच काय, संस्थानाचा शिपाई गोमा, जो लक्ष्मणाबरोबर गुरं राखत लहानाचा मोठा झाला होता, त्यालाही विचारलं. तोही म्हणाला, देव तिथं शीव. नोकरी गेली असती त्याची. पण देवाबद्दल खोटं कसं बोलणार? साहेबाला अर्जात तथ्य दिसत होतं. निकाल नाताळाच्या सुमाराला लागेल, असं कचेरीतून कळलं. आम्ही हसायचं बंद केलं. मी तर पाड्यापर्यंत मोटर न्यायची म्हणून रस्त्याचा अंदाजही काढून ठेवला.

आणि मग वाघबारस आली.

बुधीआईची नजर अधू होत चालली होती. ती पाड्याला म्हणाली, माझ्या पोसानं, म्हणजे पोरानं, देवाचा भात खाऊन वर्षं झाली. त्याला देवापाशी येता येत नाही, तर देव त्याच्यापाशी जाऊ दे. पाड्याला हे अगदी बरोबर वाटलं. खांबाचं बूड नाही तरी वाळवीनं खाल्लं होतं. सकाळी माणसांनी देव खांद्यावर घेतला, पाडा ओलांडून उताराने खाली आणला, आणि लक्ष्मणाला दगड ओलांडावा लागू नये म्हणून दगडाच्याही पुढं, उंबराजवळ, इंग्रजी जमिनीत खड्डा खणून पुरला. शेंदूर लावला. तांदूळ शिजायला ठेवला. इतक्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण खांद्यावरून काय आणलं. त्यांच्या दृष्टीनं देव जेवायला आला होता. देव साहेबाच्या कागदात शीव होऊन बसला आहे, हे घरातल्या माणसाच्या हुद्द्यासारखं. घरी ते कोण ध्यानात ठेवतो?

लक्ष्मण मोटरीतून उतरला आणि बघत राहिला. अब्दुलमियाँ सांगतो, तो काहीतरी बोलायला गेला होता. पण बुधीआईनं हात धरून पंगतीत बसवलं, पान मांडलं, आणि तो बसला. पहिला घास त्यानं घेतला तेव्हा गोमा शिपाई आणखी दोघा शिपायांना घेऊन चढावरून उतरला. वाघबारशीला दरवर्षी यायचाच तो, भात खायला. त्यानं टेकाडावरचा रिकामा खड्डा पाहिला होता आणि घाबरून धावत आला होता. देव बघितला, आधी पाया पडला. मग त्याचं लक्ष लक्ष्मणाकडं गेलं. लक्ष्मण दगडाच्या बाहेर बसला होता, पण देवाच्या आत.

"लक्षा," गोमा म्हणाला, "हे लय वाईट झालं."

"बस. भात घे," लक्ष्मण म्हणाला.

"कसा बसू? देव तिथं शीव, तूच बोलला ना? सायबापुढं मीबी तेच बोललो. आता देव हितं हाय. तू आत हाय. संग दोघं हायेत, त्यांनीबी बघितलं."

अब्दुलमियाँ मध्ये पडला. "मास्तर, बोलो ना! दगड तो उधर है. तुम्ही बाहेर आहे."

लक्ष्मण आधी हसला, म्हणे. अगदी मनापासून. मग पानातला भात संपवला, हात धुतले आणि गोमाबरोबर चढ चढू लागला. पाड्यातून गेला तो. आपल्या घरावरून.

मी आणि एक वकील तिसऱ्या दिवशी राजवाड्याला गेलो. त्याला धान्याच्या कोठारात ठेवलं होतं. माझ्याजवळ सगळं तयार होतं: वकील म्हणाला, मास्तरांनी फक्त एवढं लिहून द्यावं की मी दगडाच्या बाहेर होतो, इंग्रजी जमिनीवरून धरून नेलं म्हटल्यावर संस्थानाला आजच सोडावं लागेल. मी ते त्याला ओरडून सांगितलं. बारीक आवाजात बोलणं मला जमत नाही.

तो म्हणाला, "दगडाच्या बाहेर होतो म्हटलं की दगड खरा झाला. दगड खरा तर पाडा त्यांचा. निकाल दीड-दोन महिन्यांवर आहे, बाप्या."

"मग म्हण की देव काल-परवा हलवला!"

"हलवला म्हटलं की देव हलतो असं होतं. हलणाऱ्या देवाची शीव साहेब मानील का? म्हणतील, टेकाडावरही तुम्हीच नेऊन ठेवला असेल. आणि कुणी हलवला, हेही विचारतील. नावं सांगू? पहिलं आईचं."

"काहीच बोलला नाहीस तरी देव आता दगडापाशी आहे! तुझ्याच अर्जानं पाडा आत गेला!"

"मी बोललो नाही तर चौकशीत देव टेकाडावरच आहे. साहेब काही रोज बघायला येत नाही. निकाल लागेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच काम आहे."

मी म्हटलं, साक्ष मी देतो. देव आपल्या पायांनी चालत आला, मी डोळ्यांनी पाहिला, मोटरीला हात करत होता. लक्ष्मण भिंतीला टेकून हसला. "तू खरं सांगितलंस तरी कुणी मानत नाही," तो म्हणाला, "तू जा. पोरांना नकाशा काढायला दिला होता, तेवढा गोळा करून ठेव." त्याच्या अंगावर शहारे येत होते. मला वाटलं, कोठार गार आहे.

निकाल नाताळाला लागला नाही. पुढं ढकलला. हिवतापानं मात्र लक्ष्मणाला वेळेवर गाठलं. पाड्यातल्या माणसांना एव्हाना उमजलं होतं, आणि देव परत वर न्यायला ती तयारही होती. पण शेंदूर लागलेला देव हलवायचा नाही, हे ज्यांना मोडवत नव्हतं त्यांत सर्वांत पुढं बुधीआई. ती म्हणायची, माझ्या पोसासाठी एकदा आणला, आता माझ्याच पोसासाठी उचलला तर देव म्हणंल, ह्या बाईनं मला पाटी समजलं, उचलली नि ठेवली. सगळा पाडा तिच्याकडं बघायचा, आणि ती देवाकडं. शेवटी ताप फारच चढला तेव्हा संस्थानाला आपल्या कोठारात मास्तर मरायला नको होता. गोमा आणि चौघांनी त्याला डोलीतून आणलं, दगड ओलांडला, देव ओलांडला, आणि मोटरीत ठेवला. बुधीआई त्याच्यामागून चालत आली आणि कुणाला न विचारता गाडीत चढली. पुढचं तुम्हाला सांगितलं आहे.

गोदावरीवर सगळं उरकलं. बुधीआई रात्रभर आमच्या ओसरीत बसून होती. सकाळी माझी बायको उठून बघते तो म्हातारीनं आमचं अंगण, समोरचा रस्ता, थेट नाक्यापर्यंत झाडून काढलेला. बायकोनं हातातली केरसुणी ओढून घेतली तेव्हा ती म्हणाली, "इथं कोनती वेठ आहा, मला कुनी सांगितलं नाही. दुसरी असंल तर सांग बाई, करून टाकते." बायको आत येऊन चुलीपाशी बसली. मी बाहेर जाऊन म्हटलं, "आई, इथं वेठ नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. मी उभ्या आयुष्यात सांगितलेल्या गोष्टींपैकी ही सर्वांत मोठी थाप आहे, असा तिचा चेहरा झाला. मग तिनं विचारलं, "मग माझा पोसा हेच मागत होता?"

मी हो म्हटलं.

त्याच दिवशी मी स्वतः तिला घेऊन परत गेलो. उंबराखाली पाडा जमला होता. गोमाही होता, बिनपट्ट्याचा. नोकरी आहे की गेली ते मी विचारलं नाही. बुधीआई उतरली, देवापाशी गेली, खांबावर हात ठेवला आणि म्हणाली, "उचला." म्हातारे एकमेकांकडं पाहू लागले. वाघबारस अजून किती लांब. ती पुन्हा म्हणाली, "उचला. मी सांगते. काय व्हायचं ते मला होऊ दे." माणसांनी माती उकरली. देव उचलला. एका बाजूला खांदा कमी पडत होता, तिथं गोमा लागला. भर उन्हात, दगड ओलांडून, चढ चढून, पाड्यातून, टेकाडावर. जुना खड्डा अर्धा बुजला होता, तो साफ केला. गोमा म्हणाला, "तोंड राजवाड्याकडं होतं. तसंच करा."

इथं मी काहीतरी घालावं, अशी तुमची अपेक्षा असेल. वाघ डरकाळला, निदान वीज पडली. काही झालं नाही. त्यांनी खांबाभोवती माती टाकली, पायांनी दाबली आणि आपापल्या घरी गेले. निकाल अजून लागलेला नाही. आता साहेबापुढं बोलायला कोण उभं राहणार, तेही मला माहीत नाही. मी उभा राहिलो तर पाडा ब्रह्मदेशात जाईल.

मोटर रोज जाते. परवा अब्दुलमियाँनं विचारलं, उंबराजवळ देवाचा खड्डा तसाच उघडा आहे, वळवताना मागचं चाक त्यात जातं, दोन पाट्या मुरूम टाकून बुजवू का.

मी म्हटलं, राहू दे. गाडी जरा अलीकडंच वळव.